नव्या मसणवाट्याचं उद्घाटन

"तात्या, नक्की ना?"

सरपंच भानुदास घोगरे आमच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर नारळ. मागं ग्रामपंचायतीची चार माणसं उभी, आणि त्यांच्याही मागं शेजारची जनाकाकू. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"नक्की म्हंजे?" माझे सासरे वाकळेतून म्हणाले. अंगात ताप होता, दर दोन शब्दांना खोकला येत होता. "गेणबा मोरे शब्द देऊन फिरलाय का कधी?"

"तसं न्हाई वं. पण गेल्या साली धोंडीकाकांनीबी शब्द दिला हुता. ऐन वक्ताला लेकीकडं गेले आन् तिकडंच मेले."

"धोंडी पहिल्यापास्नं तसलाच."

"मग हा नारळ ठेवा. गावातर्फे."

मामंजींनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. लग्न ठरल्यासारखे सगळे खूश झाले. मी चहाच्या कपबशा घेऊन दाराआड उभी होते. माझ्या सासऱ्यांच्या मरणाची सुपारी फुटत होती आणि चहा मी द्यायचा होता.

ह्याला आता पस्तीस वर्षं झाली असतील. गावाचं नाव बोरखेडी. आमच्या गावाला सरकारनं दवाखाना दिला होता. दोन खोल्या, पांढरी फरशी, मागं नर्सबाईला राहायला जागा. पाटोळे सिस्टर कायम तिथं असायच्या आणि दर बुधवारी मोठ्या दवाखान्यातून डॉक्टर यायचे. सगळं चांगलं होतं, फक्त दवाखाना बांधला होता मसणवाट्याच्या कुंपणाला लागून. गावात तेवढीच जागा फुकट होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की माणूस पोचवून त्या वाटेनं आलं की तसंच घरात शिरायचं नाही. अंगणात उभं राहून डोक्यावरून पाणी घ्यायचं, कडुलिंबाचं पान चावायचं, मगच उंबरा ओलांडायचा. रीत मेलेल्यासाठी होती, पण वाट तीच, म्हणून दवाखान्यातून येणाऱ्यालाही तेच. गणपत लोहार तापाच्या गोळ्या आणायला गेला. परत आला तर बायको दोन बादल्या गार पाणी घेऊन अंगणात तयार. ताप आधी शंभर होता, नंतर एकशे तीन झाला, आणि खिशातल्या गोळ्यांचा लगदा झाला तो वेगळाच. त्यानंतर दवाखान्यात कुणी जाईना. सिस्टर घरोघर फिरायच्या, पण त्या राहायच्याच तिकडं, म्हणून लोक त्यांना अंगणातच थांबवायचे. जनाकाकू तर पहिल्या दिवशी त्यांच्या अंगावर तांब्या ओतायलाच निघाली होती.

दवाखाना हलवायचा तर वरच्या ऑफिसची परवानगी हवी. भानुदास सरपंचांनी डोकं लढवलं, की दवाखाना हलत नाही तर मसणवाटा हलवू. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. ओढ्याच्या पलीकडं गायरानात पत्र्याची शेड झाली, सिमेंटचा ओटा झाला, फाटक झालं. पण तिथं पहिलं कुणी जाईना. जो पहिला जळतो तो त्या जागेचा राखणदार होतो आणि दुसरा येईपर्यंत त्याला एकट्यानं बसावं लागतं, अशी समजूत. एकट्यानं बसायला कुणालाच नको. आणि तिथं पहिलं माणूस जात नाही तोवर खरा मसणवाटा जुनाच. म्हणजे वाटही तीच, बादलीही तीच.

अशात ऑफिसचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत दवाखान्याच्या रजिस्टरात पेशंट दिसले नाहीत तर पाटोळे सिस्टरची बदली पिंपळदऱ्याला. पिंपळदरा म्हणजे ओढ्याखालचं गाव. त्यांचा आमचा बैलांच्या शर्यतीवरून जुना वाद. सिस्टर गेल्या असत्या तरी गावानं सोसलं असतं, पण पिंपळदऱ्याला जाणार हे कुणाला सोसेना.

तेव्हा मामंजी भर ग्रामसभेत उठून म्हणाले, "मला चार दिस झालं ताप हाय. वय त्र्याहत्तर. मी जातो पहिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

आमचे मालक तेव्हा ट्रकवर होते, महिना महिना घरी नसत. घरात मी आणि मामंजी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. ह्या माणसानं मला कधी अरेतुरे केलं नाही, कधी ताटातली भाकरी मोजली नाही. मी आजारी पडले तर स्वतः पिठलं करायचे, आणि ते इतकं वाईट करायचे की मी लवकर बरी व्हायची. असा माणूस वाकळेत पडून धापा टाकत होता, आणि गाव त्याला नारळ देत होतं.

"मामंजी, औषध घ्या की," मी दोन दिवस विनवत होते.

"औषध घेतलं आन् बरा झालो तर? गावाला काय तोंड दावू?"

"पण कशापायी एवढं?"

"तुला न्हाई कळायचं," म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे.

तर त्या सकाळी चहा पिऊन सरपंच उठले, चपला घालायला लागले, आणि माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघालं, "भाऊजी, कागद झाला का?"

सरपंच एका पायावर थांबले. "कसला कागद?"

"नव्या जागंतलं पहिलं माणूस. ते आधी जितं हुतं, ह्याचा सरकारी कागद नको? उद्या पिंपळदऱ्याचं कुणी म्हणालं, बाहेरून मेलेला माणूस आणून जाळला, तर?"

भानुदास सरपंच वाघाला भ्याले नसते, पण कागदाला भ्यायचे. मागं एका विहिरीचा शिक्का राहिला म्हणून त्यांना तालुक्याला सतरा खेपा पडल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"त्यो कुठं मिळतो?"

"सिस्टरकडं. पण माणसाला समोर न्यावं लागतं. आज बुधवार हाय, डॉक्टरबी असतील."

"बैलगाडी जुंपा रं!" सरपंच ओरडले. "तात्यास्नी जितं हायत तवर दवाखान्यात न्या!"

गाडी जुंपेपर्यंत मी मागच्या दारानं निघाले आणि त्या वाटेनं पळत सुटले. त्या वाटेनं मी पहिल्यांदाच जात होते. पाटोळे सिस्टर पायरीवर बसून स्वेटर विणत होत्या. दोन वर्षांत त्यांचे अकरा स्वेटर झाले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"अहो सगुणाबाई, पण असा कागदच नसतो," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही करा."

"खोटा कागद मी नाही करायची. नोकरी जाईल."

"खोटं काय त्यात? गेणबा मोरे जिवंत हायत, एवढंच लिवा. खोटं वाटलं तर नाडी बघा."

सिस्टरनी सुया खाली ठेवल्या. माझ्याकडं बघितलं, आणि हसायला लागल्या त्या थांबेचनात. मग डोळे पुसून उठल्या. "खोकला किती दिवस आहे? बेडका पडतो? श्वास घेताना छातीत दुखतं?" एकामागून एक विचारत त्यांनी खाटेवर धुतलेली चादर पसरली.

मी परत निघेपर्यंत गाडी आलीच. पुढं हलगी, मागं गाव. मामंजी गाडीत उशीला टेकून, मांडीवर नारळ घेऊन बसलेले. दोन्ही बाजूंना रामराम करत होते. डॉक्टर दारात येऊन बघत राहिले. त्यांना वाटलं, कुणी निवडून आलं.

त्यांनी मामंजींच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि नळी काढून म्हणाले, "न्यूमोनिया आहे. तालुक्याला हलवा."

"तालुक्याला?" सरपंच पुढं आले. "आन् तिथं गेले तर आमचं काय?"

डॉक्टरांनी सिस्टरकडं पाहिलं. सिस्टर छताकडं बघत होत्या.

"मी गावाची शीव वलांडणार न्हाई," मामंजी म्हणाले. "धोंडी झालो न्हाई मी."

डॉक्टरांनी खूप समजावलं. शेवटी म्हणाले, बरं, इथं ठेवू. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. श्वास वाढला तर चिठ्ठी पाठवा, जीप येईल, आणि मग मी कुणाचं ऐकणार नाही.

मग सिस्टर बाहेर पायरीवर आल्या आणि गावाला उद्देशून अगदी गंभीर तोंडानं म्हणाल्या, "कागदाला पाच दिवस लागतील. रोज दोनदा सुई टोचून बघावं लागतं. ओरडला, म्हणजे जिवंत. तशी नोंद होते."

"दहा येळा?" सरपंच म्हणाले.

"नियम आहे."

नियम म्हटल्यावर सरपंचांनी मान डोलावली.

पहिल्याच सुईला घोळ झाला. मामंजी ओरडेनात. दात आवळून पडून राहिले.

"आजोबा, ओरडा की."

"गेणबा मोरे सुईला वरडत न्हाई."

"मग नोंद कशी करू?"

मामंजींनी विचार केला. मग भाषणाला उठल्यासारखा घसा साफ केला आणि खणखणीत म्हणाले, "आई गं." खिडकीला चिकटलेल्या माणसांनी मागं निरोप दिला, "वरडले, वरडले!"

आता मरणारा माणूस दवाखान्यात, म्हणजे भेटायला जायलाच हवं. नाही गेलं तर लोक काय म्हणतील? पहिल्या दिवशी अख्खं गाव येऊन गेलं आणि घरी जाऊन न्हालं. दारोदार बादल्या, अंगणांत चिखल. चावडीपुढचा कडुलिंब माणसाचा हात पोचेल तिथवर बोडका झाला. दुसऱ्या दिवशी लोक शिडी घेऊन गेले. एकेक पान चौघांत चावायला लागले. तिसऱ्या दिवशी गावातल्या बायकांनी सांगून टाकलं, की दिवसातून दोनदा पाणी शेंदून आमच्या कमरा गेल्या, ज्याला भेटायला जायचंय त्यानं जावं आणि तसंच घरात यावं.

तिसरा दिवस म्हणजे शुक्रवार. त्या दुपारी हसायसारखं काही नव्हतं. मामंजींचा श्वास वाढला. बरगड्या आत-बाहेर व्हायला लागल्या, ओठ काळे पडले. सिस्टरनी चिठ्ठी देऊन एकाला सायकलवर पाठवलं. बाहेर कुजबुज झाली. सरपंचांनी एक माणूस ओढ्यापलीकडं धाडला, लाकडं कोरडी आहेत का बघायला.

मी बाहेर गेले. "भाऊजी," मी म्हटलं, "तुमी माणूस बघायला आलाय का लाकडं?"

सरपंचांनी टोपी काढून हातात धरली.

आत येऊन मी मामंजींच्या पायाशी बसले. त्यांचे तळवे थंड होते, मी घासत राहिले. सिस्टर दर थोड्या वेळानं नाडी बघत होत्या, घड्याळ बघत होत्या, दाराकडं बघत होत्या. त्यांनी मामंजींना उशा लावून बसतं केलं, पाठ थोपटली, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. जीप आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. डॉक्टर धावत आत आले, आणि मामंजींच्या कपाळावर हात ठेवून थांबले. कपाळ घामानं निथळत होतं. ताप उतरत होता.

"आता हलवायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

मामंजींनी डोळे उघडले. "मेलो का?"

"नाही आजोबा."

"मग उशीर कशाला लावताय?" म्हणाले आणि झोपले.

शनिवारी पेज प्यायले. रविवारी भाकरी मागितली, वर सुकटीची चटणी. गाव येतच होतं, आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून सिस्टर एकेकाला आत घ्यायच्या. "आलाच आहात तर हात द्या." दंडाला पट्टी बांधायची, फुगा दाबायचा. जनाकाकूचा आकडा बघून सिस्टरनी पट्टी काढून पुन्हा बांधली. तिला वाटलं, मशीन बिघडलंय. मशीन चांगलं होतं, काकूचं रक्तच उकळत होतं. सरपंचांच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती, त्यांच्या लघवीत साखर निघाली. "साखरेचा भाव किती वाढलाय आन् ही बघा उधळपट्टी," मामंजी खाटेवरून म्हणाले. एका रविवारी रजिस्टराची तीन पानं भरली.

सोमवारी सकाळी सरपंच आले, ते पाय आपटतच. मामंजी खाटेवर बसून चटणी-भाकरी खात होते.

"तात्या, हे काय चाललंय?"

"न्याहारी."

"आवो, फाटकावर नाव घातलंय तुमचं! पेंटर तालुक्याहून आणला हुता!"

ते फाटक मी आदल्या दिवशी बघून आले होते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पेंटरनं बोटानं सासऱ्यांचं नाव दाखवलं. मी विचारलं, त्याच्या आधी हे एवढंसं काय? तो म्हणाला, "बाई, ते 'कै.'"

मामंजींचा घास हातातच राहिला. त्यांना खरंच लाज वाटली. मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली, भानुदास. मी उद्यापास्नं उपास धरतो. आठ-धा दिसांत हुईल."

"मामंजी!" मी ओरडले. उभ्या जन्मात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. "हुईल म्हंजे? आन् मी? मी कुणासाठी भाकरी थापायची? ह्या फाटकासाठी?"

सिस्टर सरपंचांच्या पायाची पट्टी सोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सरपंच, तुम्ही इथं किती दिवस येताय?"

"रोज. बुधवारपास्नं."

"काल घरी गेल्यावर आंघोळ केलीत?"

सरपंचांनी दाराकडं बघितलं. दारात जनाकाकू होती.

"परवा?"

"परवा... गडबड हुती."

"काकू, तुम्ही?"

"मला सर्दी हाय," जनाकाकू म्हणाली.

"मग वाट उघडलीच की," सिस्टर म्हणाल्या. "आता आजोबांना कशाला मारताय?"

भानुदास सरपंचांनी आपल्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "ते 'कै.' तेवढं पुसून घेतो." दारापाशी जाऊन वळले. "पेंटर पुन्हा पैसं मागंल."

सगळे गेल्यावर मी ताट उचलायला वाकले, तर मामंजींनी माझं मनगट धरलं.

"सगुणा, बस जरा."

मी बसले.

"ही जागा मीच दावली हुती," ते म्हणाले. "सात वर्षांमागं. साहेब आलं, म्हणालं, दवाखान्याला जागा द्या. कुणी रान सोडंना. मी पंचात हुतो. म्हणालो, मसणवाट्याजवळ द्या, तिथं कुणाचं काय जातंय."

मी मोकळ्या हातानं ताट बाजूला सरकवलं.

"आन् तुझी पोर. जुलाबानं सुकली हुती. तू तिला पदराखाली घेऊन दारात हुबी हुतीस, हिकडं यायला. मीच म्हणालो, त्या वाटेनं लेकरू न्हेऊ नये." ते थांबले. "तू ऐकलंस."

बाहेर सिस्टर कुणाला तरी गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा समजावत होत्या. मी मामंजींच्या हातातलं माझं मनगट सोडवलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघांनी तिचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, ते विसरले.

जरा वेळानं सिस्टर शेवटची, दहावी सुई घेऊन आल्या. मामंजी कुशीवर वळले. ह्या खेपेला "आई गं" म्हणाले नाहीत, सिस्टरनीही मागितलं नाही.

"संध्याकाळी न्हाई?"

"नाही आजोबा. झालं."

"मग आता मी काय करू?" त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं. नेमलेलं काम हातातून काढून घेतल्यासारखा चेहरा झाला होता.

मी म्हटलं, "परवा बुधवार. लस टोचायचा दिस. खालच्या आळीतल्या शेवंताचं लेकरू तीन म्हैन्यांचं झालंय. तिला ह्या वाटेनं एकटीला भ्या वाटतं. तुमी जा तिच्यासंगं."

बुधवारी ते सकाळपासून तयार होऊन बसले होते. धुतलेलं धोतर, हातात काठी. शेवंता आली, तशी काठी त्यांनी तिच्या हातात दिली आणि लेकरू आपल्याकडं घेतलं. पायांत अजून बळ नव्हतं, दर दहा पावलांना थांबत होते. शेवंता म्हणायची, द्या मामा माझ्याकडं. पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्यांनी ते लेकरू कुणाला दिलं नाही.